बंद करायची नव्हती ती गोळी

मी अंगणवाडी सेविका. शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढे आमचं गाव. पंचवीस वर्षं मी गावच्या पोरांना जंताच्या गोळ्या दिल्या, पोरींना लोहाच्या गोळ्या दिल्या. कुणाला काय दिलं, कधी दिलं, सगळं रजिस्टरात लिहून ठेवलं. माझ्याच घरात मात्र दोन औषधं एकत्र चालत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. त्यातून मी वाचले. मनीषाचे बाबा, म्हणजे माझा नवरा, ते नाही वाचले. त्यांना माझा आजार झालाच नव्हता, तरी ते माझ्या आजारानं गेले. हे कसं झालं ते सांगायला मी बसले आहे.

खाज

सुरुवात लाजेची आहे, म्हणून आधी तीच सांगते. भातलावणीत दिवसभर ओल्या कपड्यांत वाकून काम होतं. परकराची नाडी जिथं बसते तिथं, कमरेभोवती, मला गजकर्ण उठलं. मग ते खाली जांघेत उतरलं. मीटिंगला खुर्चीवर बसले तरी जीव खाजवण्यात. मलम लावलं की आठ दिवस बरं, की पुन्हा दुप्पट. डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे लुगडं सोडून दाखवायचं. मी गेलेच नाही.

मनीषाच्या बाबांना कळलं, कारण एकाच घरात किती लपवणार. ते वाशिंदच्या कारखान्यात फिटर होते, नुकतेच रिटायर झालेले. मितभाषी माणूस. एवढंच म्हणाले, "लाजतेस काय गो? तू नाय जात तर मी आणतो."

वाटेवरच्या एका मेडिकलमधून त्यांनी गजकर्णाच्या कॅप्सूल आणल्या. दुकानदाराने विचारलं, कुणाला? हे म्हणाले, घरात बाईमाणसाला. त्याने पुढे काही विचारलं नाही आणि यांनीही काही सांगितलं नाही. रोज दोन, महिनाभर.

मला तीन वर्षांपासून साखर होती, आणि कोलेस्टेरॉलची एक गोळी जेवणानंतर चालू होती. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन नाव तिचं. ती इतकी अंगवळणी पडली होती की ते औषध आहे हेच मी विसरले होते. कुणी विचारलं असतं, तुम्ही काय औषध घेता, तर मी साखरेचं सांगितलं असतं आणि गप्प बसले असते.

खाज मात्र आठवड्यात थांबली. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "बरं केलंत आणलंत ते." ते हसले. त्यांचं ते हसणं पुढे फारसं दिसलं नाही.

कोरा चहा

दोन आठवडे झाले असतील. मांड्या दुखायला लागल्या. शेतात तण काढायची बेणणी चालू होती, म्हटलं कामाचं दुखणं. पण काम थांबलं तरी दुखणं वाढतच गेलं. पाटावरून उठताना हात टेकावे लागले. मग हातही वर जाईनात. एका सकाळी वेणी घालायला बसले आणि फणी डोक्यापर्यंत पोचेना.

जवळच्या डॉक्टरांनी अंगदुखीचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. मी त्यांनाही कॅप्सूलचं सांगितलं नाही. पुन्हा तीच लाज. दोन दिवसांनी लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. तांबूसही नव्हे, काळपट. आणि अगदी थोडी.

मी पडवीत येऊन भिंतीला धरून उभी राहिले. हे गुरांना पाणी दाखवत होते. मी हाक मारली, "अहो, जरा इकडे या." त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि बादली तिथंच टाकली.

शहापूरला तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी माझं ऐकलं, मांडी दाबून पाहिली, आणि म्हणाल्या, "घरात जेवढी औषधं खाताय तेवढी सगळी मला दाखवा." मी पिशवीतून साखरेच्या आणि कोलेस्टेरॉलच्या पट्ट्या काढल्या.

"अजून काही?"

"नाय," मी म्हणाले.

मनीषाचे बाबा बाजूला उभे होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून कॅप्सूलचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "बाई, हे पण चालू हाय. हे मीच आणलं."

डॉक्टरबाईंनी पाकीट पाहिलं, माझी कोलेस्टेरॉलची पट्टी पाहिली, पुन्हा पाकीट पाहिलं. मग दोन्ही उचलून आपल्या बाजूला ठेवलं. "ही दोन्ही आत्तापासून बंद," त्या म्हणाल्या, आणि लगेच कल्याणला पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिताच त्यांनी समजावलं. कोलेस्टेरॉलची गोळी पोटात गेली की लिव्हर ती हळूहळू संपवतं. या कॅप्सूलने लिव्हरचं ते काम अडवलं. जुनी गोळी संपेना आणि रोज नवी पडत गेली. तिचा साठा झाला, त्याने अंगातले स्नायू विरघळायला लागले, आणि तो गाळ किडनीत जाऊन बसला. त्यात दुखण्याचं इंजेक्शन पडलं, ते किडनीला अजून जड गेलं.

यांनी एकच विचारलं. "म्हणजे माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळं नाही हो, काका. कुणीतरी विचारायला हवं होतं, कुणीतरी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. पण यांच्या कानापर्यंत ते गेलं असं मला वाटलं नाही.

तीन आठवडे

कल्याणच्या हॉस्पिटलात माझ्या मानेत नळी घातली आणि डायलिसिस सुरू झालं. त्याबद्दल लोक फार विचारतात, तर सांगते. दुखत नाही. थंडी वाजते. आपलं रक्त बाहेर जाऊन परत येतंय हे डोळ्यांनी दिसतं, आणि आपण छताच्या पंख्याकडे बघत चार तास पडायचं. एक दिवस आड.

सकाळी वजन करायचे. मग लघवीची पिशवी बघायचे. पहिले किती दिवस त्या पिशवीत काहीच नसायचं. सिस्टर आली की मी तिच्याकडे न बघता तिच्या पेनाकडे बघायचे. पेन चटकन उठलं की समजायचं, लिहिण्यासारखं काही नाही. पाणी मोजून मिळायचं. तहानेने जीभ टाळूला चिकटायची. मनीषाचे बाबा माझ्यासमोर पाणी प्यायचे नाहीत, बाहेर जिन्यात जाऊन प्यायचे. मला ते फार उशिरा कळलं.

भीती कसली वाटायची? मरणाची नाही. मला वाटायचं, मी अशीच राहीन. कूस बदलायला दोन माणसं लागायची. मला माझं ओझं उचलता येत नव्हतं.

त्या दिवसांतलं चांगलंही आठवतं. माझ्या केसांची गुंतून जट झाली होती. यांनी आयुष्यात कधी बाईच्या केसाला हात लावला नव्हता. मनीषा लहान असतानासुद्धा नाही. पण एका दुपारी खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसले आणि फिटरच्या त्या जाड बोटांनी एकेक बट मोकळी करत राहिले. दोन तास. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "तुमचं नशीब थोर हाय, ताई." मी हो म्हणाले.

घरातलं दुसरंही सांगायला हवं. मनीषा, आमची एकुलती एक मुलगी, वाशिंदला राहते. ती रोज कामावरून थेट हॉस्पिटलात यायची. एकदा थकून आली होती आणि बापावर तुटून पडली. "बाबा, तुमी विचारायचं ना! दुकानातनं औषध काय बिस्किटासारखं आणतात?" माझा मुरबाडचा भाऊ आला, तोही त्यांना टाकून बोलला. मी पडल्या पडल्या ऐकत होते. मी म्हणायला हवं होतं, की मी डॉक्टरकडे गेले नाही म्हणून त्यांनी आणलं, लाज माझी होती. मी डोळे मिटून घेतले. तेव्हा मला वाटलं, मी फार थकले आहे. आता वाटतं, मलाही कुणीतरी दोषी हवं होतं.

पंधराव्या की सोळाव्या दिवशी पिशवीत लघवी दिसली. चांगली पिवळी. सिस्टरने ती पिशवी वर उचलून यांना दाखवली तेव्हा हा माणूस सगळ्या वॉर्डादेखत रडला.

डिस्चार्ज

हा भाग मी सावकाश लिहिते आहे, कारण पुढचं सगळं यात आहे.

घरी सोडायच्या दिवशी किडनीचे डॉक्टर खाटेजवळ बसले. मी होते, मनीषा होती. मनीषाचे बाबा गाडी बघायला खाली गेले होते. डॉक्टर म्हणाले, "आता काही महिने कोलेस्टेरॉलची गोळी नको. मग तपासण्या बघून वेगळी, कमी ताकदीची देऊ. पण मावशी, गोळी वाईट नव्हती. जोडी वाईट होती. एकेकटी दोन्ही औषधं लाखो लोक घेतात. त्यामुळे घाबरून घरात दुसऱ्या कुणी आपापली गोळी बंद करायची नाही. ज्याला हार्टचा त्रास आहे त्याने तर मुळीच नाही."

मी मान हलवली. मनीषानेही हलवली.

दीड वर्षापूर्वी मनीषाच्या बाबांच्या हृदयात स्टेंट बसवली होती. त्यांना रोज एक कॅप्सूल होती. ती चुकू नये म्हणून आजवर मीच हातात द्यायचे, पाण्याच्या तांब्यासकट. हे सगळं मला माहीत होतं. डॉक्टरांचं बोलणंही कळलं होतं. पण घरी जायच्या आनंदात मी ते खाली जाताना लिफ्टमध्येच विसरले.

घरी पोचलो. मला दोघांनी धरून पडवीत आणलं, खुर्चीवर बसवलं. समोर फळीवर माझी कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची दुसरी एक पट्टी तशीच पडलेली. अर्धी खाल्लेली. ती दिसली आणि माझं डोकं फिरलं. "ते विष आधी घराबाहेर काढा," मी ओरडले. "कोलेस्टेरॉलची गोळी म्हणे! मारलं असतं तिनं मला. असलं कुणी खाऊ नये."

यांनी पट्टी उचलली. डोळ्यांजवळ नेऊन तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. कारखान्यात मशीनवरची पाटी वाचल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. वाचून झाल्यावर शांतपणे म्हणाले, "नाय खाणार कुणी."

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. माझं एवढं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

हिवाळा

पुढचे तीन महिने त्यांनी मला उभं केलं. खुर्चीवरून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. ते समोर हात पसरून उभे राहायचे, आधार द्यायचे नाहीत, फक्त पडले तर धरायला. तांदळाच्या भाकऱ्या करायला शिकले. त्या जाड व्हायच्या, कडेला कच्च्या. मी खायचे. आता औषधं तेच द्यायचे. माझ्या गोळ्या माझ्या हातावर ठेवायचे, मग आपली ब्लडप्रेशरची गोळी माझ्यासमोर गिळायचे. मला वाटायचं, घेतात सगळं वेळेवर. महिन्याची औषधं आणली का विचारलं की पिशवी दाखवायचे. पिशवीत कॅप्सूल असायच्या.

त्या दिवसांत मी फक्त माझ्या पायांकडे बघत होते.

माघ महिना होता. घरासमोर ओहोळापलीकडे आमची भेंडीची वाडी. सकाळी नऊ-साडेनऊला ते भेंडी खुडत होते, मी पडवीतून बघत होते. ते बांधावर बसले. म्हटलं, दमले असतील. मग ते पुढे झुकले आणि तसेच राहिले. मी हाक मारली. त्यांनी हात वर केला. तो हात ये म्हणत होता की काही नाही म्हणत होता, हे मला अजून कळलेलं नाही.

मी काठी घेतली आणि निघाले. चांगल्या पायाच्या माणसाला तिथं पोचायला दोन मिनिटं लागतात. मी आरडाओरडा करत चालत होते आणि शेजारची सून माझ्या बाजूने धावत पुढे गेली, तिच्यामागून तिचा नवरा गेला. मी सगळ्यांत शेवटी पोचले. त्यांचा चेहरा घामाने निथळत होता.

"गॅस हाय गो," ते म्हणाले. "तू कशाला आलीस एवढ्या लांब?"

शेजाऱ्यांनी बोलावलेल्या जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मांडीत तेव्हा पुरती ताकद नव्हती, ती थरथरत होती. शहापूरच्या अलीकडे त्यांचा श्वास थांबला. जीप चालूच होती. मी कुणाला काही सांगितलं नाही. पोचेपर्यंत नुसती धरून बसले.

पट्ट्या

दिवसकार्य झाल्यावर दाखल्यासाठी त्यांचं आधार कार्ड लागत होतं. मनीषाने त्यांची पत्र्याची पेटी उघडली, ज्यात ते नट-बोल्टचे पाने आणि कारखान्याचे कागद ठेवायचे. कागदांखाली कॅप्सूलच्या पट्ट्या होत्या. एकही फोडलेली नाही. प्रत्येक पट्टीवर बॉलपेनने एका शब्दाखाली रेघ मारलेली. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. माझ्या गोळीचं नाव.

"आई, बाबांनी ह्या घेतल्याच नाहीत," मनीषा म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मी त्यांना सांगायला पाहिजे होतं. डॉक्टर बोलले होते." ती माझ्याकडे बघत नव्हती. मी तिला जवळ घेतलं. दोघींनाही एकमेकींना धीर देता आला नाही.

मी त्या पट्ट्या घेऊन कल्याणला त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक पट्टी उलटून मागची नावं वाचली. मग सांगितलं की या एका कॅप्सूलमध्ये तीन औषधं एकत्र असतात. एक कोलेस्टेरॉलचं, आणि दोन रक्त पातळ ठेवणारी, स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून. यांनी एक नाव वाचून सोडलं, आणि त्याबरोबर बाकीची दोन्ही गेली.

"घेतली असती तर वाचले असते का?" मी विचारलं.

"ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, मावशी. कुणीच सांगू शकणार नाही. पण ही सोडायला नको होती."

त्यांनी मला खोटं सांगितलं नाही, याचे मी उपकार मानते. पण हे कुणीच सांगू शकणार नाही म्हणजे ते मी आता जन्मभर विचारत राहणार.

त्याच भेटीत त्यांनी माझे रिपोर्ट पाहिले. किडनी सावरली होती. स्नायूंचा रिपोर्टही बरोबर आला होता. त्यांनी मला दुसऱ्या प्रकारची, कमी ताकदीची कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली, महिन्याने रक्त तपासायला सांगितलं. मांड्या दुखल्या किंवा लघवीचा रंग बदलला तर त्याच दिवशी यायचं. नवीन कुठलंही औषध, अगदी अंगाला लावायचं मलम किंवा झाडपाल्याचा काढासुद्धा, विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

ती पहिली गोळी मी हातावर घेऊन किती वेळ बसले ते सांगता येत नाही. मनीषा समोर होती. म्हणाली, "आई, नको वाटत असेल तर उद्या." मी म्हटलं, "उद्या नाय." आणि गिळली.

आता माझ्या पर्समध्ये एक कागद असतो. माझी सगळी औषधं त्यावर लिहिलेली आहेत, नाव आणि ताकदीसकट. तापाची गोळी घ्यायला मेडिकलात गेले तरी तो कागद आधी पुढे करते. दुकानदार कधी कंटाळतात. कंटाळोत. खाज कुठं उठली तेही आता डॉक्टरांना सांगते. एकदा सगळ्यांदेखत सांगितलं, तर कुणी हसलं नाही.

भावाच्या गावात

गेल्या महिन्यात मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याशी, माझ्या भावाच्या गावात तिथल्या आशाताईने गावातल्या बाया-बाप्यांची सभा ठेवली आणि मला बोलायला बोलावलं. माझ्या भावानेच तिला माझं नाव सांगितलं होतं. हॉस्पिटलात यांना टाकून बोलल्यापासून तो माझ्याशी नीट बोलला नव्हता. सभेत मागे भिंतीला टेकून उभा होता.

मी सगळं सांगितलं. गजकर्ण, कॅप्सूल, कोरा चहा, मानेतली नळी. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. यांच्याबद्दल बोलायचं मी मनाशी ठरवून आले होते, पण तिथं येईपर्यंत माझा आवाज संपला. मी खाली बसले.

तेव्हा पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी हात वर केला. त्यांच्या छातीवर ऑपरेशनचा उभा वण बंडीतून दिसत होता. ते म्हणाले, "ताई, बरं झालं सांगितलंस. मला पण ती गोळी चालू हाय. आज जातो आणि टाकून देतो."

"नाय!" मी ओरडले.

सगळी सभा दचकली. पुढची लहान पोर रडायला लागली. मी खुर्चीला धरून उठले, काठी न घेता त्या बाबांपर्यंत गेले, आणि त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "नाय टाकायची, बाबा. एक दिवस पण नाय टाकायची. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जायचं, विचारायचं, पण आपल्या मनानं नाय टाकायची. मी बोलले म्हणून तर अजिबात नाय."

ते बाबा गोंधळून माझ्याकडे बघत होते. "बरं बरं, नाय टाकत," ते म्हणाले. "पण तू रडतेस कशाला गो?"

भाऊ मागून आला आणि माझ्या बाजूला उभा राहिला. मी त्या परक्या माणसाचे हात सोडले नाहीत. एवढंच बोलायचं होतं मला, माझ्या पडवीत, त्या दुपारी, पट्टी वाचत उभ्या असलेल्या माझ्या माणसाशी.